मनाच्या नकाशावर वाल

बाण उलटा हाय, म्हणते ना मी! टीव्हीमुळे मन बिघडत नाय, मन बिघडलं म्हणून पोरगी टीव्हीपुढे बसते, तर बाण मनाकडून टीव्हीकडे काढा... पण ऐकतंय कोण? तुम्हाला सांगते, आमच्या गडब गावच्या शाळेत सकाळी दहाला बसलो, दुपारचा एक वाजला, आणि सगळे रांगोळीच्या एका बाणावर अडलेले!

मुंबईच्या एक बाई आलेल्या, तरुण पोरांच्या मनाचा नकाशा काढायला. मन कशाकशाने खचतं त्याची जमिनीवर वर्तुळं काढायची, कशामुळे काय होतं त्याचे बाण, आणि ज्याला जे कारण मोठं वाटेल त्यानं त्यावर वाल ठेवायचे. ‘सर्व घटकांचा सहभाग हवा, आजी!’ बरं बाई, आम्ही घटक! मी गेले ती नातीसाठी. प्रणिता बारावीला नापास झाली शहाण्णवच्या जूनमध्ये, दिवाळी झाली तरी पोरगी घरात अक्षर बोललेली नाय. म्हटलं, नकाशात तरी सापडेल. आणि ती कुठे? बाहेर पडवीत, आमच्यासाठी चहा गाळतेय!

दिनानाथ मास्तरांनी टीव्हीवर मूठभर वाल ठेवले, ‘केबल आली नि अभ्यास गेला!’ सरपंच हैबतरावांनी शाळेवर ओंजळ ओतली, ‘मास्तर शिकवत नाहीत, ते कोण सांगणार?’ मास्तर उलटले, ‘आणि कंपनीत नोकरीला चिकटवतो म्हणून पोरांना आशेला कोणी लावलं?’ झालं! बाई मध्ये, ‘इथे कुणीच चुकीचं नाहीये...’ अहो, दोघंही चुकीचे होते!

प्रणिता चहा घेऊन आली. मास्तर म्हणाले, ‘साखर कमी पडली गो.’ ती गेली. पुन्हा चहा गाळतेय!

आता वालाच्या पेरणीच्या तोंडावर आम्हा बायकांपुढे ते पसरले, तर हात राहतात होय? शेजारच्या विमलबाईनं बोलता बोलता किडके निवडायला घेतले, मग मी, मग सगळ्याजणी... टीव्हीवरचे, शाळेवरचे, घरच्या धाकावरचे... दुसरा चहा येईस्तोवर दोनच ढीग, चांगले नि किडके! बाई रडवेल्या, ‘आजी, ती मतं होती!’

‘मग किडकी कशाला ठेवायची?’

हैबतराव उसळले. ‘माझं मत किडकं? म्हातारे, तुला काय कळतंय यातलं?’

मला! खताच्या गोणीवरची अक्षरं जुळवून वाचायला शिकलेय मी, मास्तर नव्हता ठेवला!

‘इतकं कळतंय, तर सांग, तुझी नात का बोलत नाय?’

मी तोंड उघडलं, तर पुढ्यात कप. तिसरा. धरणारा हात प्रणिताचा. नखांत चहाची पूड... मी कप घेतला, खाली ठेवला. आणि म्हटलं,

‘हैबतराव, सकाळपासून तीनदा आत आली ती, साखर कमी हाय म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण बस गो इथे, तुला काय वाटतं, असं मीसुद्धा नाय विचारलं.’