देव्हाऱ्याला गेलेला तडा

(जानेवारी १९९९. सूर्यकांत दुबईत, देरामधल्या फ्लॅटवर, शुक्रवारची, म्हणजे तिथल्या सुट्टीची सकाळ. बायको विभावरी आणि मुलगी आभा कॅनडात, कॅल्गरीला. तिथे अजून गुरुवारची संध्याकाळ. फोन चालू आहे.)

विभावरी : ...म्हणून तिकिटांची चौकशी करून आले. आम्ही परत येतोय, अहो.

सूर्यकांत : अगं थांब, थांब. ऑगस्टमध्ये तर गेलात! झालंय काय?

विभावरी : देव्हाऱ्याला तडा गेलाय. कळसापासून पार खालपर्यंत.

सूर्यकांत : आपल्या? अलीमियाँने केलेल्या?

विभावरी : मग काय दुसरा आहे? अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये किती जीव लावून केला होता त्या सुताराने. झोपेत कट्‌ असा आवाज आला, सकाळी बघते तर हे. देव काढून तांदळाच्या डब्यात ठेवलेत. त्यात आभाचा घोळणा फुटतोय, रोज उशी लाल. आणि तुम्ही तिकडे एकटे. मी काय समजायचं?

सूर्यकांत : माझ्यावर काही येणार, असं?

विभावरी : भलतंसलतं बोलू नका! आणि मागे कसली घरघर आहे? नीट ऐकू येत नाहीये.

सूर्यकांत : ट्रॅफिक, खाली रस्त्यावर. मला सांग, हीटिंग कितीवर ठेवलंयस?

विभावरी : सव्वीसवर.

सूर्यकांत : सव्वीस?

विभावरी : बाहेर उणे पंचवीस आहे, लेकराला कुडकुडत ठेवू? जमिनीत जाळी आहे, तिच्यातून गरम वारा येतो. तिथेच गादी घालते तिची. एक मात्र बरंय, जाळीवर पापड टाकले की तासाभरात कडकडीत.

सूर्यकांत : अगं बाई, जो वारा पापड वाळवतो, तो पोरीचं नाक सोडेल का?

विभावरी : म्हणजे?

सूर्यकांत : थंड हवेत मुळात पाणीच थोडं मावतं. तीच हवा घरात येऊन तापली की तिला तहान लागते. मग मिळेल तिथून ओढते. आपला देव्हारा इतकी वर्षं खाडीकाठच्या दमट हवेत राहिलेला, तिकडे सुकला, आक्रसला आणि फाटला. खलास. देवाचा काही संबंध नाही.

विभावरी : एसीवाल्याला सगळीकडे एसीच दिसणार.

सूर्यकांत : जन्मभर हवेतलं पाणी काढायचीच नोकरी केली की मी. घालायचं कसं, एवढं कळतं. हीटिंग एकवीसवर आण. गादी जाळीपासून लांब घाल. ह्युमिडिफायर म्हणून मशीन मिळतं, ते घे. तोवर खोलीत ओले टॉवेल वाळत घाल. फक्त काचेवरून पाणी ओघळायला लागलं की आवरतं घे.

विभावरी : थांबा, ही फोन ओढतेय.

आभा : बाबा! आय गेट शॉक्स हिअर! फ्रॉम द डोअर. अँड फ्रॉम आई!

सूर्यकांत : आईकडून? कसा काय?

आभा : व्हेन शी हग्ज मी. सो नाऊ शी टचेस द टॅप फर्स्ट.

सूर्यकांत : तेही हवा कोरडी म्हणूनच, बाळा. कमी होईल आता.

आभा : विल आय शॉक यू टू, व्हेन यू कम?

सूर्यकांत : चालेल. दे आईला.

विभावरी : बोला. म्हणजे अपशकुन नाही? नक्की?

सूर्यकांत : नाही गं. लाकडाच्या खाचेत लांबी भर, पॉलिश मार, आणि देवांना डब्यातून बाहेर काढ बघू.

विभावरी : मग परत यायला काही कारणच उरलं नाही.

सूर्यकांत : नाही. शाळा चांगली लागलीय तिची. इथलं काय, नोकरी आहे तोवर व्हिसा. उद्या साहेब ‘यल्ला’ म्हणाला की गाशा गुंडाळा. तिकडे तुमचं कायमचं होऊ दे. मग मी येतोच, इन्शाल्ला.

विभावरी : तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, की लक्षण बरं नाही, ये निघून, तर उद्याच्या विमानात बसले असते मी.

सूर्यकांत : माहीत आहे मला.

विभावरी : मोहसुद्धा झाला नाही?

सूर्यकांत : झाला की. तिकिटांचं म्हणालीस तेव्हाच वाटलं, गप्प बसावं. मग तू उशीचं सांगितलंस.

विभावरी : ...बरं. तुळशीला पाणी घालता ना?

सूर्यकांत : न चुकता. एसीच्या नळीखाली तू ठेवलेली बादली आहे ना, ती भरली की ओततो. अगदी तुझ्यासारखं.

विभावरी : अहो, जानेवारी आहे. आता तिकडे पंखासुद्धा लागत नाही, बादली कशी भरते?

सूर्यकांत : भरते आपली.

विभावरी : तरीच मघापासून ती घरघर! शुक्रवारी सकाळी देरामध्ये कसला आलाय ट्रॅफिक? एवढ्या थंडीत एसी लावून बसता?

सूर्यकांत : दोन रजया घेतो ना.

विभावरी : पण कशाला?

सूर्यकांत : बंद केला की घर फार शांत होतं गं.