काड्यांची माणसं

गेवराईच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर सासूसुना बसल्या होत्या. सुनेनं मोबाईल पुढं धरला.

“आत्याबाई, मामंजी जायच्या आदल्या साली ऊसतोडीला फडात शूटिंग करायला माणसं आलती ना? त्यांनी पाठवलंय. कामात कुणाचं अंग कुठं दुखावंल, ते कॉम्प्युटर बघून सांगतंय.”

“ह्या तर नुसत्या काड्या. माणसं कुठं हायेत?”

“माणसाच्या जागी काड्याच दावतंय. जिथं लई ताण, तिथं लाल. ही डोक्यावर मोळी घेणारी तुमी, अन् उचलून देणारे...”

“सांगू नको. डावा पाय पुढं टाकून उभे हायेत, वळखलं मी. माझी मान लाल असंल.”

“न्हाई, पिवळी हाय. मामंजींची कंबर मात्र लालभडक.”

“उज्ज्वला, मोळी देताना ते गाणं म्हणायचे गं. मला वाटायचं, लई खुशीत हायेत.”

“ह्याला आवाज न्हाई, आत्याबाई.”

“नसू दे. म्होरं काय हाय?”

“इथं दोघंबी हिरवे झालेत. बांधावर बसून भाकर खायलेत.”

“मग तिथंच थांबव. गाडी येईस्तोवर राहू दे तसंच.”