काठोकाठ भरलेली खालची टाकी

हॅलो? … जयवंतच ना, फिश टँकवाले? … अहो, मी निलेशची आई, परळहून. सतरावा मजला… हो, हो, त्याच टँकचं! लाइट गेली आणि टँकखालच्या कपाटातून पाणी यायला लागलं… थेंब थेंब कसलं? सोफ्यापर्यंत पोचलंय!

नाही हो, काच शाबूत आहे. मासे मजेत आहेत, मीच तेवढी मरायला टेकलेय… पंप? बंदच असणार ना, लाइट नाही म्हटल्यावर!

थांबा, स्टूल घेते… हो, चढले. दोन पाइप दिसतायत… बारीक? पंपातलं पाणी वर आणतो तो? बरं. त्याचं तोंड… पार तळाशी आहे… वर ओढू? मासा चावला म्हणजे? … ओढलं. पाण्याच्या बाहेर… अगो बाई! गुळगुळलं आणि थांबलं की हो!

म्हणजे पंप थांबला की तोच पाइप उलटा ओढतो? वरचं पाणी कपाटातल्या खालच्या टाकीत? … मग तिथे मावलं का नाही?

… आहे, आहे, ऐकतेय. खालची टाकी अर्धी रिकामी ठेवायची असते? मुद्दाम?

नाही, म्हणजे… भरली मी. रोज सकाळी, काठोकाठ… नळाचं थेट नाही हो, शिळं पाणी, तेवढं कळतं मला. लालबागच्या चाळीत एकेचाळीस वर्षं काढली. नळ आला की हंडा, कळशी, बादली, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा. रिकामं भांडं दिसलं की हात शिवशिवतात माझे.

हसू नका. निलेश सहाला येईल. परवाच म्हणाला, "आई, टँकला हात लावू नकोस, तुला नाही कळायचं." सुनेसमोर म्हणाला. फार लागलं मला ते. आता हे तळं बघून काय बोलेल?

काय? परत सांगा… एवढं पाणी उतरायलाच नको होतं? पाइपचं तोंड तुम्ही वरच ठेवलं होतं, दोन बोटं पाण्यात? … मग तळाशी कुणी घातलं? … हां! आवाज होतो म्हणून निलेशनेच काहीतरी ॲडजस्ट केलं होतं… अहो, इंजिनियर आहे तो!

आणि भोक पाडायचं? … पाइपला, पाण्याच्या जरा खाली, छोटंसं. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते, ओढणं बंद… एवढंच?

अरे, लाइट आली!… आई गं! पाइप बाहेरच आहे, सगळं माझ्या अंगावर!… घातला, घातला आत. भिजले नखशिखांत.

थांबा, निलेशचाच फोन येतोय… नको, तुम्ही नका सांगू. मीच सांगते. आधी माझी चूक, मग त्याची… नाही, आधी त्याची. ठेवते.