गुप्त कागद

चहा घ्या, पण सुनीलचं लग्न कुठं अडलं ते विचारू नका. ते माझ्या तोंडामुळं अडलं.

सुनील माझा पोरगा, भिंगारला लष्कराच्या ऑफिसात कारकून. कोल्हारचे पाहुणे त्याला बघायला आले होते. मुलीच्या बापानं विचारलं, "काम काय असतं?"

मी मिशीवर हात फिरवला. "लई गुप्त असतं. सुनील, परवा मला मोबाईलवर दाखवलास तो लाल शिक्क्याचा कागद दाखव की पाहुण्यांना."

सुनीलचा चेहरा उतरला. मीच त्याचा मोबाईल उचलला, तो कागद काढला आणि मुलीच्या मामाच्या हातात दिला. मामा लष्करातला निवृत्त हवालदार. त्यानं कागद बघितला आणि पोह्यांची बशी खाली ठेवली.

"हा फुटलेला कागद हाय. तुज्याकडं कसा?"

"ग्रुपवर आला, मामा. मी नुसता पाहिला."

"पाहिला, जवळ ठेवला, बापाला दाखवला, आन् साहेबाला सांगितलं न्हाई. ह्यात जेल हुईल, बाबा. उद्या जाऊन सांग, न्हाईतर मी सांगतो."

सुनीलनं सांगितलं. त्याच दिवशी त्याला निलंबित केलं आणि चौकशी लावली. कोल्हारहून नकार आला.

काल जेवताना मी विचारलं, "चौकशीचं काय झालं रे?"

त्यानं ताटातून मान वर केली नाही. "आबा, ते गुप्त हाय."