आतड्याला घाई चालत नाही

अहो, काल दिवसभर चहा मागत होतो मी, साधा चहा! अर्धा कप! आणि नाही म्हणत होतं कोण? माझीच विद्यार्थिनी! जिला टाका घालायला मी शिकवलं, तिनंच परवा माझं पोट उघडलं... तुम्हाला सांगतो, उभा जन्म आतड्यावर संशोधन करण्यात गेला माझा, ते कधी झोपतं, कधी उठतं, कधी रुसतं, आणि स्वतःच्या आतड्याला पीळ पडला तेव्हा मी काय म्हणालो? "काही नाही गं, जरा ॲसिडिटी!" बायकोनं कोपरापासून हात जोडले. "अहो, जगाची आतडी तपासलीत, घरचं एक कळेना?"

बरं, ऑपरेशन झकास झालं. होणारच, शिकवलं कुणी! पण नंतर जोवर वारा सरत नाही, म्हणजे... कळलं ना?... तोवर आतडं जागं झालं असं धरायचं नाही, पोटात घोटभर काही जाऊ द्यायचं नाही. हा नियम वर्गात टेबल आपटून कोण सांगायचं? मीच! "आतड्याला घाई चालत नाही!"

म्हटलं, "बाई गं, माझंच नवं संशोधन वाच, आतडं त्याच्या कितीतरी आधी उठतं, दे चहा!" तर चष्मा वर सारून, हुबेहूब माझ्या आवाजात, "सर, पेशंट स्वतःच्या पोटाची वकिली करतो, ऐकायचं नाही, हे तुम्हीच सांगायचात. आतड्याला घाई चालत नाही!" नर्स तेच म्हणते! आणि बायको? उशाशी बसून फुर्रर्र करून चहा पिते, वर म्हणते, "घाई चालत नाही हो!"

खरं सांगू? आतून टरकलो होतो मी. नाहीच उठलं तर? पुन्हा पोट उघडायचं?

आज सकाळी राउंड. पलंगाभोवती अख्खा वर्ग. डॉक्टरबाईंनी पोटाला स्टेथोस्कोप लावला, "शांत राहा सगळे, ऐका..." आणि तेवढ्यात... अहो, स्टेथोस्कोपची गरजच पडली नाही! खिडकीजवळच्या पेशंटनंसुद्धा मान वळवली!

आणि टाळ्या! पोरं नाचायला लागली, बाईंच्या डोळ्यांत पाणी, माझ्याही. आला चहा! पहिला घोट... अहाहा! त्यात साखर विसरले होते, तरी अमृत!

पण काय हो, इतकी वर्षं आतड्यावर मी बोललो, वर्ग पेंगत बसला. ते स्वतः एकदाच बोललं, तर टाळ्यांचा कडकडाट!... जाऊ द्या. विषय त्याचाच होता म्हणा.