घड्याळाखालचं सुती अस्तर

मनीषनगरातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे अदिती मनगट खाजवत नंबराची वाट पाहत होती. शेजारी बसलेल्या नवरा-बायकोचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"इतके दिवस फुल बाह्यांचा शर्ट घालून फिरले तुम्ही. मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तू घड्याळ वापस केलं असतं, माया."

"मंग? निकेल सोसत नाही तुमाले, डॉक्टरनं साफ सांगितलं ना!"

"मुलं मोठी झाल्यावर तू शिकली, नोकरीले लागली. पहिल्या पगाराचं घड्याळ मी दुकानदाराले वापस देऊ?"

"म्हणून हात सुजवून घेतला?"

"आता कुठं सुजला? तूच तं स्टीलचा पट्टा काढून कापडाचा लावला, घड्याळाच्या पाठीले सुती अस्तर शिवलं. धातू अंगाले लागतच नाही. पाह्य ना, मनगट कसं साफ झालं!"

"अस्तर रोज बदलते म्हणून. घामानं ओलं झालं का पुन्हा खाज सुटते. अन् दिवसभर घालाचं नाही."

तेवढ्यात अदितीचा नंबर आला. "तुम्ही जा आधी," ती मागच्या बाईंना म्हणाली आणि बसून राहिली.

"दिवसभर कुठं घालतो? तुले ऑफिसात सोडाले येतो, तेवढाच वेळ."

"तेवढ्या वेळात काय होते?"

"गेटवर तुह्या ऑफिसचे लोक भेटतात. त्याईले सांगतो, बायकोनं घेऊन देलं."

"अगं बाई! ते विचारतात?"

"नाही. मीच सांगतो."