चेटकिणीची बैठक

जुन्या धुराड्यावरचा दगड काढताना गवंडी फेरिओलचा अंगठा ठेचला होता. कातालोनियातल्या त्या डोंगरगावच्या दवाखान्यात तो नंबर लावून बसला होता. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"पोरानं गवंडी आणला गं रेमेय, आणि त्या मेल्यानं धुराड्यावरचा दगडच काढला!"

"चेटकिणी टेकतात तो? अगं बाई किटेरिया, आता त्या थेट चुलीत उतरतील!"

"उतरू देत. मी कुठं भिते?"

"मग रडतेस कशाला?"

"आमच्या घराण्यातलीच एक फार पूर्वी फासावर गेली ना, चेटूक करून गारपीट आणली म्हणून. याच गावानं दिली. इतकी वर्षं उडून दमली असेल, आता टेकेल कुठं बिचारी?"

फेरिओल उठला.

"अहो, तुमचाच नंबर आलाय!" नर्स म्हणाली.

"अंगठा थांबेल. तो दगड घेऊन राडारोड्याची गाडी निघेल."